खळ्यातली जुनी धाब्याची कोठी पाडायची नाहीये, दुरुस्ती कशी करावी?

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरीच्या काठाला. गावाच्या कडेला खळवाडीत आमचं वडिलोपार्जित खळं आहे आणि त्या खळ्यात एक धाब्याची कोठी आहे, तिच्याबद्दल विचारायचंय. जरा लांबलचक होईल पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी कोण कसा देणार.

कोठी म्हणजे एकच खोली, तीन खणांची, आतून साधारण १२ बाय १८ फूट. खाली गुडघाभर काळ्या दगडाचं जोतं, त्यावर कच्च्या विटांच्या दोन फुटी भिंती. आत मधोमध दोन लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभे, त्यांच्यावरून लांबीला तुळई गेलीय, तुळईवर दोन्ही बाजूंनी कड्या, म्हणजे आडवी लाकडं, आणि वर मातीचं सपाट छप्पर, तेच धाबं. एका बाजूला बैलांची गव्हाण, दुसऱ्या बाजूला बी-बियाणं आणि धान्य ठेवायची जागा, तिथे भिंतीत दोन खोल कोनाडे. खिडकी नावाला, वीतभर. दार इतकं बुटकं की वाकूनच आत जावं लागतं, आणि आडणा, म्हणजे दाराचा अडसर, अजून भिंतीत सरकतो, तोही जुनाच लाकडी. मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री असताना आत गेलं की अंगावर गारवा येतो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याच वेळेला बैल धापा टाकतात.

यंदा पावसात मागचा कोपरा बसला. दोन कड्या मोडून खाली आल्या आणि त्यांच्याबरोबर गाडीभर माती. नुकसान झालंच पण त्या भगदाडातून धाबं कापल्यासारखं दिसतंय आणि मी तिथे उभा राहून नुसता बघत बसलो. सगळ्यात वर राखाडी-पांढरी माती, तिच्यात रेघा रेघा दिसतात, म्हणजे दरवर्षीचा थर वेगळा कळतो. त्याखाली जरा जाडसर माती, भुसा मिसळलेली, गव्हाच्या काडीचा पिवळेपणा अजून शाबूत आहे. त्याच्या खाली बोटभर काळा थर, हातात घेतला तर चुरा होतो, तो पाला असणार, निंबाचा की निरगुडीचा ते कळत नाही. मग आडव्या टाकलेल्या काड्या, तुराट्या असाव्यात, आणि मग कड्या. विटांमध्ये आणि मातीत खापराचे तुकडे पण खूप आहेत, लाल, काही काळपट.

घरात दोन मतं आहेत. मोठ्या काकांचं म्हणणं, पाडा आणि पत्र्याचं शेड टाका, जुनं सागवान घेणारा व्यापारी येऊन भाव पण करून गेलाय. वडिलांना पाडायचं नाही, मला तर अजिबात नाही. काकांचा मुद्दा पण खोटा नाही, दरवर्षी धाब्यावर चढून माती कोण करणार, मजूर मिळत नाहीत, आणि साताठ वर्षांपूर्वी बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला तरी भिंती खालून फुगतातच आहेत. उलट तेव्हापासून जास्त. जोत्याच्या वर दोन-तीन फूट सगळीकडे लोणा लागलाय, सिमेंटचे पापुद्रे हाताने निघतात आणि मागची वीट भुगा झालेली.

तर प्रश्न असे की बाकीच्या कड्या ठेवता येतील का, हे ओळखायचं कसं. माती कुठली आणायची. धाब्यात प्लास्टिकचा कागद घालावा का, गावात बरेच जण घालतात. आणि सिमेंट ठेवायचं की काढायचं. आता दिवाळी झाली, पुढचा पाऊस यायच्या आत काम व्हायला पाहिजे. ज्यांनी असं काम केलंय किंवा बघितलंय त्यांनी कृपया लिहा.

गवंडीघर

दादा, पाडू नका. आमच्या घरात तीन पिढ्या गवंडीकाम, आजोबांनी पारोळा-एरंडोल पट्ट्यात धाबी घातली, वडिलांनी पण घातली, माझ्या हातून मात्र नवीन धाबं कमी आणि दुरुस्त्याच जास्त झाल्या. तुम्ही जे वर्णन केलं त्यावरून कोठी वाचण्यासारखी आहे.

पहिलं काम उद्याच करा. तुळईच्या खाली आणि मोडक्या कोपऱ्याच्या आजूबाजूच्या प्रत्येक कडीखाली टेकू द्या. टेकू नुसता जमिनीवर उभा करू नका, खाली फळी टाका म्हणजे रुतणार नाही आणि वर पण फळी आडवी द्या. टेकू लागल्याशिवाय धाब्यावर कोणालाही चढू देऊ नका, पोरांना तर नाहीच.

मग माती उतरवायची. सगळी. अर्धी ठेवून अर्धी दुरुस्त करू म्हणाल तर जुन्या-नव्याच्या सांध्यात पाणी शिरतंच. उतरवताना एका बाजूने पूर्ण रिकामं करत जाऊ नका, तुळईच्या दोन्ही अंगांनी बरोबरीने उतरवा नाहीतर ओझं एकीकडे राहून खांब कलतो. आणि ही माती फेकू नका!! हे सगळ्यात महत्त्वाचं. ती शंभर पावसाळे खाल्लेली माती आहे, अशी माती आता शोधून सापडत नाही. ढेकळं फोडा, चाळून घ्या, काड्या-मुळ्या काढा, ताडपत्रीखाली ढीग करून ठेवा. नवीन फार थोडी लागेल.

कड्या कशा ओळखायच्या तर हातोडीने ठोकत जा. चांगल्या लाकडाचा आवाज टणक येतो, आतून उधईने (वाळवीने) खाल्लेलं असेल तर बद्द आवाज येतो. मधला भाग सहसा चांगलाच असतो, कडी सडते ती भिंतीत गेलेल्या टोकाला, कारण तिथे ओल धरून राहते आणि हवा लागत नाही. म्हणून टोकाजवळ भिंत थोडी कोरून जाड खिळा किंवा स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. अर्धा इंच सहज घुसला तर टोक गेलं समजायचं. टोक गेलं म्हणून आख्खी कडी टाकायची नाही, मधला भाग चांगला असेल तर भिंतीला लागून आडवं लाकूड घेऊन दोन नवीन खांबांवर ते पेलायचं आणि कड्यांची टोकं त्यावर बसवायची. सुताराला विचाराल तर तो नवीन कडीच सांगेल, पण जुनं सागवान आणि अंजन ज्या दर्जाचं आहे ते आज विकत मिळत नाही. तुमची तुळई कशाची आहे? काळपट लाल आणि खिळा ठोकला तर वाकतो अशी असेल तर अंजन. आपल्या भागात जुन्या घरांत अंजन भरपूर सापडतं, इतकं जड असतं की पाण्यात टाकलं तर बुडतं.

आता थर. कड्यांवर तुराट्या किंवा बांबूच्या कामट्या अगदी दाट, बोट जाणार नाही इतक्या. त्यावर निंबाचा पाला, निरगुडीचा मिळाला तर तोही, वीतभर तरी, कारण दाबून तो बोटभरच होतो. पाल्याने उधई दूर राहते आणि माती गळत नाही. मग भुसा-माती. ही माती आठवडाभर तरी भिजवून कुजवायची, रोज पायाने तुडवायची, वास सुटायला लागला की तयार. चार-पाच इंचांचा थर, वाळू द्यायचा, भेगा पडतील त्या भरायच्या, चोपण्याने चोपायचं. मग वरून चाळलेली पांढरी माती, ती सुकीच पसरायची आणि पाणी शिंपडून चोपायची. उतार एकाच बाजूला, पन्हळींकडे. १२ फुटाला कमीत कमी चार-पाच इंच उतार पाहिजे. लोक सपाट करतात आणि मग धाबं गळतं म्हणून बोंब मारतात.

प्लास्टिक मी घालत नाही. उंदराने एक भोक पाडलं की पाणी त्या कागदावर साठतं, तुम्हाला वरून कळत नाही आणि खालून कळेपर्यंत लाकूड गेलेलं असतं.

कान्हदेशनी_लेक

भाऊ, पहिले ते सिमेंट काढी टाका. मंग बाकीनं बोलूत.

माझ्या माहेरी शिंदखेड्याकडे असंच खळं होतं. वर दादांनी धाब्याचं सगळं नीट सांगितलंय, पण भिंतींचं काम बायकांचं असायचं आणि ते कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. पांढरी माती, शेण आणि बारीक भुसा, हाताने लावायचं, थापीने नाही. हाताने लावलेल्या गिलाव्यावर बोटांच्या पन्हाळ्या राहतात आणि पुढच्या वर्षीचा हात त्यात धरतो. गुळगुळीत केलं की पुढचा थर पोपडा होऊन पडतो. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी एक हात, आणि पाऊस उघडला की दुसरा. श्रावणात कानबाई बसायची म्हणून घराला पोतारा व्हायचा तेव्हा खळ्यातल्या कोठीलाही व्हायचा, तिला कधी वगळलं नाही. आई म्हणायची, जिथे धान्य ठेवतो ती जागा घराइतकीच जपायची.

तुमच्या कोठीत आतून बोटांच्या खुणा असतील बघा, दाराच्या मागे जिथे कोणी हात लावत नाही तिथे. त्या तुमच्या घरातल्याच बायकांच्या हाताच्या आहेत.

पांझरेचं_पाणी

मी सिव्हिल इंजिनिअर, धुळ्यात. सरकारी कामात आरसीसीच जास्त पण आमचं स्वतःचं घर धाब्याचं होतं त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा. दोन गोष्टी आकड्यात सांगतो कारण काकांना आकडे पटतील.

पहिली गोष्ट म्हणजे ओझं. चोपलेली माती एक घनफूट साधारण ४५ किलो धरा. तुमची खोली १२ बाय १८, म्हणजे २१६ चौरस फूट. नऊ इंच जाडीचं धाबं असेल तर सात टनांच्या वर वजन. एक फूट झालं तर पावणेदहा टन. आणि तुम्ही लिहिलंय की मातीत दरवर्षीच्या रेघा दिसतात, म्हणजे दरवर्षी नवीन थर चढला, जुना उतरला नाही. मी जुन्या धाब्यांवर दीड-दीड फूट माती बघितलीय, तिथे हेच वजन साडेचौदा टनांवर जातं, त्यात पावसाने भिजलेली माती अजून जड. कड्या नऊ इंचाच्या हिशोबाने टाकलेल्या असतात. तेव्हा भगदाडाच्या कडेला टेप लावून जाडी मोजा आणि इथे लिहा. माझा अंदाज आहे की तुमच्या कड्या मोडल्या त्याचं अर्धं कारण हे आहे. नवीन घालताना आठ-नऊ इंचावर थांबायचं आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी वरची इंचभर माती खरवडून मगच नवीन टाकायची.

दुसरी गोष्ट सिमेंट. मातीची भिंत खालून ओल ओढते आणि तोंडावरून सोडते, उन्हाळा आला की कोरडी होते, असं तिचं वर्षभराचं चालू असतं. तुम्ही बाहेरून सिमेंटचा गिलावा केला की बाहेरची वाट बंद. पाणी आत अडकतं, वर चढत जातं आणि जिथून निघायला जागा मिळेल तिथे क्षार सोडून निघतं, तोच लोणा. शिवाय मातीची भिंत फुगते-आकसते, सिमेंट तसं हलत नाही, दोघांच्यात फट पडते आणि पावसाचं पाणी त्या फटीतून थेट विटेपर्यंत जातं. म्हणून सिमेंट केल्यापासून जास्त खराब झालं हे तुमचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे. काढताना मात्र छन्नीने दणादण ठोकू नका, कच्च्या विटा हादरतात. जे सुटलंय ते हाताने काढा, घट्ट बसलंय ते पट्ट्या पट्ट्यांनी हळू काढा. भुगा झालेल्या विटा एका वेळी दोन-तीन फुटांच्या टप्प्यातच बदला, आख्खी ओळ एकदम मोकळी करू नका, वरची भिंत बसेल. नंतर मातीचा गिलावा आणि त्यावर चुना. चुना म्हणजे कळीचा चुना आणून भिजवलेला, डिस्टेंपर नाही. डिस्टेंपर, ऑइल पेंट या सगळ्यांनी पुन्हा तेच होणार.

एक विचारतो. खळ्याच्या बाजूने काँक्रीट रस्ता झालाय का इतक्यात? बऱ्याच गावांत रस्ता वीत-दीड वीत उचलला गेलाय आणि जुन्या घरांची जोती रस्त्याच्या खाली गेलीयेत. सगळं पाणी भिंतीच्या पायात. तसं असेल तर कितीही गिलावा करा, आधी ते पाणी वळवावं लागेल. आपली काळी माती भिजली की फुगते आणि सुकली की हातभर भेगा पडतात, पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल तर या फुगण्या-आकसण्याने भिंतीला तिरक्या चिरा जातात.

प्लास्टिकबद्दल माझं मत गवंडीघर यांच्यापेक्षा थोडं वेगळं आहे. लाकडाला किंवा पाल्याला लागून नकोच. पण भुसा-मातीचा थर पूर्ण वाळल्यावर, चांगला उतार देऊन, मग जाड कागद आणि त्यावर वरची माती, असं असेल तर चालतं. उंदीर हा खरा प्रश्न आहे हे मान्य.

बोरीकाठ

किती सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. आज जाऊन मोजलं. भगदाडाच्या कडेला माती एक फूट पाच इंच!! वडिलांना दाखवलं, ते म्हणाले आजोबा दरवर्षी वैशाखात माती टाकायचे हे आठवतं पण उतरवलेली कधी बघितली नाही. काकांना हिशोब वाचून दाखवला, ते गप्प बसले आणि मग स्वतःच टेकूसाठी जुनी लाकडं काढून दिली. तुळईचं लाकूड काळपट लालच आहे.

रस्त्याचा अंदाज पण बरोबर. मागच्या बाजूने काँक्रीट रस्ता झालाय, जोत्याचा वरचा एकच दगड आता वर दिसतो. आणि दाराच्या मागे बोटांच्या खुणा आहेत, ताई. आईने त्यात हात ठेवून बघितला.

दोन प्रश्न अजून. थोडी माती कमी पडेलच, ती गावाच्या पांढरीतून आणू का? आमच्याकडे गढीच्या मागे उंचवटा आहे, पूर्वी सगळं गाव तिथूनच न्यायचं. आणि आत धान्याच्या बाजूला जमीन ठोकली की एका जागी पोकळ आवाज येतो, तिथे काय असेल?

तापीकिनारा

पांढरीतून माती नेऊ नका हो, हात जोडून विनंती. ही माती धाब्याला चांगली का, तर ती माणसांच्या शेकडो वर्षांच्या वस्तीची माती आहे. पडलेल्या भिंती, चुलीतली राख, शेण, जुन्या विटा, सगळं मिसळून झालेली. म्हणून ती काळीसारखी फुगत नाही, तिच्यात खार असतो म्हणून गवतही फारसं उगवत नाही. तुमच्या धाब्यात आणि विटांत खापरं आहेत ती तिथूनच आलीयेत.

पण याच कारणाने ती माती म्हणजे गावाचा इतिहास आहे. आपल्या तापी-गिरणेच्या काठावर असे उंचवटे कितीतरी. शहादा तालुक्यात प्रकाशाला तापी आणि गोमाईच्या संगमावर १९५५ साली उत्खनन झालं, चाळीसगाव तालुक्यात बहाळला गिरणेकाठी त्याच दशकात झालं. दोन्हीकडे ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती निघाली, म्हणजे साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. तापीकाठच्या सावळदा गावावरून तर त्या काळातल्या एका आख्ख्या संस्कृतीला नाव मिळालंय. अशा किती पांढरी आपण गाड्या भरभरून धाब्यावर आणि शेतात नेऊन संपवल्या. पूर्वी लोकांना माहीत नव्हतं, आता माहीत आहे. तुमच्या गावची पांढर संरक्षित नसली तरी तहसीलला विचारल्याशिवाय माती उचलू नये ते वेगळंच.

माती पाहिजे तर गावात पडायला आलेलं दुसरं धाब्याचं घर शोधा. दर गावात चार-दोन असतात, मालक माती उचलून नेली तर खूशच होतो, त्याची जागा मोकळी होते. तीच माती, तयार. आणि खापरं चाळणीत निघतील त्यातली काळी नक्षी काढलेली लाल खापरं वेगळी ठेवा, ती तज्ज्ञाला दाखवण्यासारखी असू शकतात.

पोकळ आवाज म्हणजे पेव असणार. ज्वारी ठेवायचं जमिनीखालचं कोठार, वर तोंड लहान आणि आत पोट मोठं. कृपा करून घाईने उघडून आत उतरू नका. बंद पेवात प्राणवायू नसतो, कुजक्या धान्याने विषारी हवा साठलेली असते, उतरणारा माणूस आवाज न करता पडतो आणि त्याला काढायला दुसरा उतरतो तो पण जातो. असे प्रकार खरोखर घडलेत. तोंड उघडलं तर आजूबाजूला कुंपण करा, लांबूनच बॅटरीने बघा आणि वापरायचं नसेल तर मुरूम भरून टाका, कारण पोकळी तशीच ठेवली तर वरून बैल गेला की खचेल.

सातपुडा_पायथा

थोडं वेगळं लिहितो. नवापूरकडचे लोक हा धागा वाचत असतील तर त्यांनी धाब्याच्या नादी लागू नका. अमळनेर-धुळे-शिंदखेडा हा कमी पावसाचा पट्टा, वर्षाला पाचशे ते सातशे मिलिमीटरच्या आसपास, तिथे मातीचं छप्पर टिकतं. आमच्याकडे हजारच्या पुढे पाऊस, म्हणून आमच्या घरांना उतरती कौलं आणि बांबूचे कूड, शेणमातीने लिंपलेले. आमच्या गावात एकाने हौसेने धाबं घातलं, एका पावसाळ्यात बसलं. ज्या मुलखाचं जे आहे ते तिथेच शोभतं. तुमची कोठी मात्र अगदी बरोबर जागी आहे.

जुनी_लाकडं

कोठी किती जुनी आहे हे कोणी विचारलं नाही, मला त्यातच जास्त रस आहे. कड्या उतरवाल तेव्हा त्यांच्या बाजू नीट बघा. वाकसाने तासलेलं असेल तर लाकडावर खवल्यांसारखे उथळ घाव दिसतात. हाताच्या करवतीने कापलेलं असेल तर तिरक्या, कमीजास्त अंतराच्या रेघा असतात, मशीनच्या गोल पात्याच्या रेघा कमानीसारख्या वळतात. खिळे पण बघा, लोहाराने ठोकलेला खिळा चौकोनी असतो, कारखान्याचा तारेचा खिळा गोल. या खुणा घेऊन नेमकं साल सांगता येत नाही, पण साधारण काळ कळतो.

आपल्याकडे बरीचशी मोठी घरं आणि खळी कापसाच्या पैशावर उभी राहिली. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं तेव्हा तिकडचा कापूस थांबला आणि खान्देशच्या कापसाला न भूतो असा भाव आला, त्याच सुमाराला रेल्वेही आपल्या भागात आली. घरात जुने कागद, खरेदीखतं असतील तर बघा. आणि व्यापाऱ्याला तुळई विकू नका, तो तिचे तुकडे करून फर्निचर करणार. एक फोटो इथे टाकता आला तर बघा, खांबाच्या डोक्यावर जे आडवं लाकूड असतं त्यावर नक्षी आहे का?

बोरीकाठ

नक्षी आहे, साधीच, दोन्ही टोकांना कमळासारखी वळणं. खिळे चौकोनी आहेत, निदान दोन निघाले ते तरी. पेवाभोवती कुंपण केलं. शेजारच्या गल्लीतलं एक पडकं घर बघून ठेवलंय, मालक पुण्याला असतात, फोनवर हो म्हणाले. काकांनी व्यापाऱ्याला नाही सांगितलं. माघ-फाल्गुनात काम काढायचं ठरलंय.

आता शेवटचं, रस्त्याचं पाणी आणि पन्हळी. पूर्वीच्या पन्हळी लाकडाच्या होत्या, दोन कुजून गेल्यात. पीव्हीसी पाइप लावले तर चालतील का?

गवंडीघर

पाइप चालतील पण अर्धे चिरलेले लावा, पूर्ण गोल पाइपात पाला अडकतो आणि कळत नाही. भिंतीच्या तोंडापासून दोन फूट तरी बाहेर आले पाहिजेत, आतल्या टोकाला चुन्यात विटा बसवून घ्या, तिथे मातीवर सोडू नका कारण धाबं सगळ्यात आधी पन्हळीच्या तोंडाशी खचतं. १२ बाय १८ ला तीन पन्हळी पुरे. शक्यतो रस्त्याच्या उलट्या बाजूला काढा, म्हणजे खळ्याच्या आत, आणि जिथे धार पडते तिथे सपाट दगड ठेवा नाहीतर खड्डा पडून पाणी पायात जातं.

रस्त्याच्या बाजूला भिंतीपासून दोन-तीन फूट सोडून चर खणा, भिंतीला अगदी लागून खणू नका, पाया उघडा पडेल. हातभर खोल, तळाला उतार, त्यात दगड-खडी भरा आणि पाणी खाली नाल्याकडे काढून द्या. हे काम माघाची वाट न बघता आत्ताच करून टाका, म्हणजे भिंतीला सुकायला तीन-चार महिने मिळतील. ओल्या भिंतीवर नवा गिलावा धरत नाही. सुकली का बघायला खालच्या विटेत खिळ्याने इंचभर कोरून भुगा चिमटीत घ्यायचा, गोळा झाला तर अजून थांबा. काम काढाल तेव्हा कळवा, पारोळ्याहून काही लांब नाही, धाबं चोपायच्या दिवशी मी येतो.